दोन गाठींचं बटण

टेबलावर एकूण सात वस्तू होत्या : अर्धवट मिटलेला लॅपटॉप, लाकडी फूटपट्टी, चहाचे दोन रिकामे कप, ओठांना लावायच्या मलमाची उघडी डबी, सहा बटणं ठेवलेली बशी आणि ताईचा जुना चष्मा. बशीतली बटणंही एकेक धरली, तर तेरा.

ताईने त्या वस्तू आधी बोटांनी मोजल्या, मग मान किंचित उजवीकडे वळवून डोळ्यांच्या कडेने पुन्हा मोजल्या आणि चष्म्यापाशी येऊन थांबली. हा चष्मा तिने किती दिवस शोधला होता! स्वतःच कुठंतरी विसरले असं म्हणून शेवटी स्वतःलाच दोष देऊन ती गप्प बसली होती, आणि तो इथं होता, वरच्या मजल्यावर, धाकट्या भावाच्या टेबलावर. तिने काचांवरून अंगठा फिरवला. दोन्ही काचांच्या बरोबर मध्यभागी वाटाण्याएवढा मलमाचा ठिपका फासलेला होता आणि कडा मात्र लख्ख पुसलेल्या होत्या.

म्हणजे काल संध्याकाळी दाराच्या फटीतून जे दिसलं, तो भास नव्हता.

उशांचे धुतलेले अभ्रे द्यायला ती काल वर आली होती. आत भावजय हाच चष्मा नाकावर चढवून, मान ताठ धरून, लॅपटॉपच्या पडद्यावर नाक टेकेल इतकी वाकून काहीतरी शोधत होती. तिचं बोट भलतीकडेच चाचपडत होतं आणि समोर उभा असलेला धाकटा पोट धरून हसत होता. "अगं, तो कप आहे, माउस नव्हे," असं तो म्हणाला, तशी तीही हसली. मग चष्मा काढून, डोळे चोळत ती म्हणाली, "ताईंचा विचार सोडला, तर दुसराच घ्यायला हवा."

ताई अभ्रे तसेच छातीशी धरून जिना उतरली होती. आपल्याला दिसत नाही हे त्या दोघांना कळलंय… कळलंय, आणि त्यांना त्याची नक्कल करावीशी वाटते! दोन्हींतलं कुठलं जास्त लागलं, ते तिला रात्रभर ठरवता आलं नव्हतं. आता तिने चष्मा होता तसा, होता त्याच कोनात ठेवून दिला आणि दुकान उघडायला ती खाली गेली.

दुकान बटणांचं होतं. फक्त बटणांचं. वडिलांनी उभारलेलं, छतापर्यंत लाकडी खणांनी भरलेलं, आणि एकूण खण चारशे बारा. वडिलांची एक पद्धत होती : खणावर चिठ्ठी लावायची नाही. आत जे बटण आहे, त्यातलंच एक दोऱ्याने खणाच्या तोंडावर बांधायचं. चिठ्ठी पिवळी पडते, अक्षर उडतं, पण बटण कधी खोटं बोलत नाही, असं ते म्हणत. ते आणि पाठोपाठ आई गेली, तेव्हा ताई शिक्षिकेच्या प्रशिक्षणाचं पहिलं वर्ष संपवत होती आणि धाकटा शाळेत होता. तिने पुस्तकं गुंडाळून माळ्यावर टाकली आणि गल्ल्यामागे उभी राहिली. पुढे एक चांगलं स्थळ आलं, त्यांनी धाकट्याला वसतिगृहात ठेवायची अट घातली. ताईने अट ऐकली, पाहुण्यांना चहा दिला आणि दार लावून घेतलं. या गोष्टी तिने कधी बोलून दाखवल्या नाहीत. धाकटा शिकला, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागला, एका मुद्रणालयात पानांची मांडणी करणारी मुलगी त्याने पसंत केली, तेव्हा वरचा मजला ताईने आपण होऊन त्यांना दिला आणि स्वतः दुकानामागच्या खोलीत आली.

आणि मग डोळे. आधी अक्षरांच्या मधला तुकडा गळू लागला, मग माणसांच्या चेहऱ्यांचा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती एकटीच गेली. पडद्याचा मधला भाग झिजतोय, ते म्हणाले, कडेची नजर राहील, मधली परत येणार नाही. औषधांनी वेग कमी होईल, इतकंच. घरी आल्यावर तिने भावजयेला सांगितलं, की जरा चालून आले.

कारण डोळ्यांशिवाय बटणवाली म्हणजे काय? तिला ठाऊक होतं. गल्ल्यामागची ती हातभर जागा सुटली, तर या घरात तिची म्हणून दुसरी कुठली जागा नव्हती… एक खोली होती, पण खोली आणि जागा यांत फरक असतो. म्हणून तिने अंगठ्याला डोळा केलं. बटणाची कड, भोकांची संख्या, पाठीमागचा उंचवटा, वजन, सगळं हात सांगायचा. फक्त रंग सांगायचा नाही. सगळ्यात वाईट म्हणजे कोटाचं काळं आणि कोटाचं गडद निळं. एकाच साच्यातली, चार भोकांची, जुळी भावंडं. त्यावरही तिने युक्ती काढली. निळ्या खणाच्या तोंडावरचं बटण तिने एका दुपारी सोडलं आणि पुन्हा बांधताना दोऱ्याला मागून दोन गाठी मारल्या. काळ्याला एक, निळ्याला दोन. मग तशाच फसव्या जोड्या जिथं जिथं होत्या, तिथं तिथं गाठी. गिऱ्हाईक बोलत असताना खण उघडायच्या निमित्ताने बोट दोऱ्यामागे जायचं आणि कुणाला सुगावा लागायचा नाही.

वेबसाइटचा विषय भावजयेने काढला. दुकानात माणसं कमी येऊ लागली होती, हे खरंच होतं. बटण तुटलं की लोक कोटच टाकून देतात, नाहीतर फोनवरून मागवतात. मग आपणच फोनवर का नको, असं तिचं म्हणणं. ती मांडणी करेल, धाकटा हिशेबी बाजू बघेल, फक्त दुकान कुठल्या प्लॅटफॉर्मवर उभारायचं तेवढं ठरवायचं. प्लॅटफॉर्मवर गाड्या उभ्या राहतात, असं ताई म्हणाली आणि तिघेही हसले. त्या वेळी तरी तिघे होते.

जेवताना मग रोज तेच. पहिला प्लॅटफॉर्म जवळजवळ फुकट, पण शंभराच्या वर वस्तू मांडू देत नाही आणि आपल्या डोक्यावर स्वतःची जाहिरात मिरवतो. "फुकटचं घोडं, चाबूक मात्र त्यांचा," धाकटा म्हणाला. दुसरा देखणा. त्यात माउस जवळ नेताच बटणं फिरून पाठ दाखवत, अक्षरं बारीक, करड्यावर करडी, एखाद्या उंची मासिकासारखी. भावजयेने त्यात नमुन्याची पानं करायला घेतली, तेव्हा तिचा आवाजच वेगळा लागू लागला. तिसरा ओबडधोबड, ठोकळ्यासारखा. जाड अक्षरं, ढोबळ बटणं, शाळेच्या फळ्यासारखं रूप. त्याच्याबद्दल पहिल्या दिवशी कुणी फार बोललंच नाही.

आणि मग एके दिवशी सगळं बोलणंच बंद झालं. ताई जेवायला आली की विषय बदलायचा. मुलांसमोर मोठी माणसं बदलतात, तसा.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

एकदा संशय आला, की साधी गोष्ट साधी राहत नाही. ताईने बांधून ठेवलेली पुडकी भावजय तिच्या पाठीमागे सोडून बघते, हे तिच्या कानांनी टिपलं. कागदाचा आवाज लपत नाही. आपण काय बटणं चोरून विकतो की काय? शिवाय भावजय रोज दुपारी खाली येऊन बसू लागली. एकेक खण उघडायची, एक बटण ताईच्या तळहातावर ठेवायची आणि विचारायची, "ताई, हे हाताला कसं लागतं? दिसतं कसं ते नको, लागतं कसं ते सांगा." आणि ताई सांगायची. आधी कौतुकाने सांगितलं, कारण इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. हे शिंगाचं, थंड लागतं आणि मग हळूहळू आपली ऊब घेतं. हे कडेला खरखरीत, मधे खोलगट, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं. हे इतकं हलकं की हातात आहे की नाही तेच कळू नये, पावसाळी अंगरख्यांना लावतात. भावजय टाइप करत राहायची. रोज पंचवीस-तीस खण व्हायचे. अर्धे खण झाल्यावर कुठंतरी ताईला वाटून गेलं, की ही माझ्या हातातलं सगळं काढून घेतेय. ऊस चरकातून नेतात तसं. रस त्या लॅपटॉपमध्ये, आणि चिपाडं…?

तरी ती सांगत राहिली. नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण एकच होतं, जे बोलायचं नव्हतं.

शेजारच्या फोटोवाल्याने त्यावर शेवटची काडी टाकली. बटणांचे फोटो त्याने काढले होते, त्यामुळे वेबसाइटबद्दल आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज होता. चष्मा सापडला त्याच सकाळी तो सुटे पैसे मागायला आला आणि गल्ल्यावर रेलून म्हणाला, की तुमचा धाकटा वेडा झालाय. इतका देखणा दुसरा प्लॅटफॉर्म सोडून त्याने काल तिसरा पक्का केला. "तो ठोकळा कुणी घेत नाही हो ताई. त्याचा एकच फायदा."

"कुठला?"

"त्यात मालक एकच असतो. एकाच्या नावावर सगळं, किल्ली एकाच्याच हातात. बाकीचे नुसते हात. मालकाने मनात आणलं, की एका टिचकीत हात बंद." आपल्या विनोदावर तो स्वतःच हसला. "मला काय, मी आपला फोटोवाला. पोटात एक आणि ओठात एक आपल्याला जमत नाही."

ताईने सुटे पैसे त्याच्या हातावर मोजून ठेवले.  

दुपारी भावजय आली, उरलेले चार खण उघडून झाले आणि लॅपटॉप मिटताना ती हलक्या आवाजात म्हणाली, "झाले, ताई. चारशे बारा. आता तुम्हाला त्रास नाही." मग ती कुरिअरच्या कचेरीत दर विचारायला निघून गेली.

आता तुम्हाला त्रास नाही! गरज सरो, वैद्य मरो… इतक्या गोड शब्दांत कुणी कुणाला दाराबाहेर काढलं नसेल, असं ताईला वाटलं. गल्ल्यावर दोन्ही तळवे टेकून ती किती वेळ उभी होती, कुणास ठाऊक. या दोघांना जेवू घातलं, वरचा मजला दिला, आणि त्यांनी तिच्या नजरेची नक्कल करून, तिच्या हातांतलं शब्दाशब्दाने काढून घेऊन, एका टिचकीत बंद होणारा हात तेवढा तिला ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. डोक्यात मात्र एक थंड, स्वच्छ विचार आला. चालवा मग माझ्याशिवाय.

तिने दाराची कडी लावली, लहान कात्री घेतली आणि पहिल्या खणावरचा दोरा कापला.

एकदा हात चालू लागल्यावर थांबायचा प्रश्नच नव्हता. दोरा, कात्री, बटण टोपलीत. वरच्या रांगांसाठी शिडी. वडिलांनी बांधलेले काही दोरे इतके जुने, की कात्री लावायच्या आधीच तुटत होते, आणि त्या प्रत्येक वेळी तिच्या आत काहीतरी तटकन होत होतं, तरी ती थांबली नाही. चारशे बारा खण, चारशे बारा मुके चेहरे! आता या भिंतीत कुठं काय आहे, ते जगात एकाच अंगठ्याला माहीत होतं. वेबसाइटवर मागणी येईल आणि भावजयेला जिना उतरून, हात जोडून विचारावं लागेल, की ताई, जरा सांगता का?

शेवटचं बटण टोपलीत पडलं आणि दारावर थाप पडली. शिंपीणबाई होत्या, तीन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, आईच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. काळ्या कोटाला आठ बटणं हवी होती.

ताई सवयीने सातव्या रांगेपाशी गेली. सवयीनेच तिचं बोट खणाच्या तोंडाशी, दोऱ्यामागे गेलं… आणि तिथं दोराच नव्हता.

शेजारी शेजारी दोन खण. दोन्ही तिने हजारदा उघडलेले. डावा काळा, उजवा निळा… की साफसफाईत मागे खण बाहेर काढले तेव्हा अदलाबदल झाली होती, आणि म्हणूनच तर गाठींवर भरवसा टाकला होता? तिने दोन्ही उघडले. अंगठ्याला दोन्ही सारखीच लागली, चार भोकं, गोल कड. मान वळवून कडेच्या नजरेने पाहिलं, तर दोन्ही अंधारासारखी. ज्या फांदीवर बसली होती, तीच तिने स्वतःच्या हाताने तोडली होती. तिने डाव्यातली आठ बटणं काढली, पुडी बांधली आणि गल्ल्यावर ठेवली.

शिंपीणबाईंनी पुडी सोडली, बटणं दाराच्या उजेडात नेली आणि एकेक उलटून पाहिली.

"ही निळी आहेत गं," शेवटी त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "असू दे. गेल्या खेपेलाही तसंच झालं होतं. तुझ्या भावजयेने घरी येऊन बदलून दिली."

"कुणी?"

"भावजयेने. तेव्हापासून म्हणे प्रत्येक पुडकं बघून मगच जाऊ देते. ताईंना कळू देऊ नका, म्हणून हात धरून सांगून गेली. मी आज बोलायला नको होतं." त्यांनी बटणं परत ठेवली, ताईचा हात दाबला आणि उद्या येते म्हणून त्या गेल्या.

ताई गल्ल्यामागच्या स्टुलावर बसली. कागदाचा तो आवाज… पुडकी सोडण्याचा. सगळे आवाज तिला बरोबर ऐकू आले होते. त्यांचा अर्थ तेवढा तिने स्वतः लावला होता.

भावजय परत आली ती दारातच थबकली. टोपली, कात्री, जमिनीवर दोऱ्यांचा पसारा, आणि भिंतभर उघडेबोडके खण. ती ओरडली नाही. हातातली पिशवी खाली ठेवून तिने भिंतीवरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि मग ताईजवळ येऊन, गुडघे मोडून बसत विचारलं, "ताई, हाताला कात्री तर नाही ना लागली?"

बस, एवढ्याने बांध फुटला. "तू माझी नक्कल केलीस," ताई म्हणाली. रडता रडता शब्द तुटत होते. "माझा चष्मा घालून… मी बघितलं. तुम्ही हसत होतात."

भावजय उठली. मग ती वर गेली आणि चष्मा, मलमाची डबी आणि लॅपटॉप घेऊन आली. तेवढ्यात धाकटाही प्रयोगशाळेतून परतला. दुकानाचा अवतार पाहून त्याने तोंड उघडलं, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"हसलो, हे खरं आहे," भावजय म्हणाली. "मी त्याच्या कपाला माउस समजून धरलं होतं. पण त्यानंतर मी रडलेही, ते तुम्ही पाहिलं नाहीत. नुसता चष्मा घालून पंधरा मिनिटांत माझी मान धरली, आणि तुम्ही तर दिवसभर तसंच…"

धाकट्याने स्टूल ओढलं. त्याला भावनेचं बोलणं जमत नसे, म्हणून त्याने आधी चष्म्याचंच सांगितलं. प्रयोग तितका काटेकोर नव्हता, तो म्हणाला, कारण काचेवरचा डाग डोळ्याबरोबर फिरत नाही, म्हणून हिला नजर समोर रोखून मान ताठ धरायला लावावी लागली. पण प्लॅटफॉर्म निवडायला तेवढं पुरेसं होतं. गिऱ्हाइकाला वेबसाइट कशी दिसते ते सगळेच बघतात, पण ती चालवणाऱ्या माणसाला आतून कशी दिसते ते कुणी बघत नाही. पहिल्यात डाग लावून काहीच सापडेना. दुसरा सगळ्यांत सुंदर, पण त्याची करडी अक्षरं कडेच्या नजरेला दिसतच नव्हती. तिसऱ्यात अक्षर हवं तेवढं मोठं होतं, काळ्यावर पिवळं करता येतं, आणि वाचून दाखवायची सोय आहे.

"मग ताईंचा विचार सोडला तर, असं…" ताई म्हणाली.

"सोडला तर दुसरा घ्यायला हवा, असं म्हणाले मी," भावजय म्हणाली. "म्हणून तर दुसरा सोडला."

ताईला एकदम आठवलं. त्या दुसऱ्यावर हिने नमुन्याची किती पानं केली होती, आणि तेव्हा हिचा आवाज कसा लागायचा! त्या पानांचं काय झालं, हे तिने विचारलं. भावजय म्हणाली, काही नाही, पुसून टाकली. एकच ठेवलंय, हौस म्हणून.

"तुम्हाला कधी कळलं?" ताईने धाकट्याला विचारलं.

"गेले कितीतरी महिने तू माझ्या कानाकडे बघून बोलतेस, ताई."



"मग विचारलं का नाहीस?"

"तू लपवत होतीस. म्हणजे तुला लपवायचं होतं." त्याने जमिनीवरचा एक दोरा उचलला. "तू माझ्यासाठी सगळंच सोडलंस. तुझ्याजवळ स्वतःचं म्हणून एवढी एक गोष्ट उरली होती… तीही तुझ्याकडून कशी काढून घ्यायची? तू सांगशील, म्हणून वाट बघत होतो."

ताईने हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. बटण पाहावं तसा, अंगठ्याने. तो ओला होता. तिने त्याला जवळ ओढलं आणि भावजयेसाठी दुसरा हात पसरला. "मीच आंधळी," ती म्हणाली, आणि मग, "डोळ्यांचं म्हणत नाही मी."

पण फोटोवाल्याने सांगितलेलं टोचतच होतं, आणि संशयाचा काटा निम्मा काढून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. मालक एकच असतो ना त्यात, तिने विचारलं. एकाच्या हातात किल्ली, बाकीचे हात. कोण आहे मालक?

धाकट्याने आणि भावजयेने एकमेकांकडे पाहिलं. खातं अजून उघडलंच नव्हतं. चारशे बारा खण पूर्ण झाले, की उघडायचं आणि ताईला दाखवायचं, असं त्यांचं ठरलं होतं. आजच पूर्ण झाले होते.

"त्यात पासवर्ड टाकावा लागतो," भावजय म्हणाली. "तो तुम्ही टाकायचा. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहतो. आम्ही नुसते हात."

आणि ती दोघं खरंच गल्ल्यापलीकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. अक्षरं पडद्यावर तळहाताएवढी, काळ्यावर पिवळी होती. ताईने मान वळवून, एकेक कळ दाबत शब्द टाकला. "डोकावू नकोस," ती मधेच म्हणाली, आणि धाकटा म्हणाला, की लहानपणी तुझ्या डब्यातलं खायला डोकावायचो, ती सवय कधीच गेली.

मग टोपलीचा प्रश्न आला. कापलेली चारशे बारा बटणं, आणि कुठलं कुठल्या खणावर, ते सांगायला एकही दोरा नाही. भावजयेने एक खण उघडला, रांगेवरून मोजून लॅपटॉपवर त्याचा क्रमांक टाकला, आणि यंत्राचा आवाज संथपणे, सरळ सुरात बोलू लागला : "कडेला खरखरीत, मधे खोलगट, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं."

ताईचा हात टोपलीत थांबला. ते शब्द तिचे होते. एकही बदललेला नव्हता. तिने टोपलीत बोटं फिरवली, ते बटण काढलं आणि धाकट्यापुढे धरलं. त्याने दोरा ओवला.

त्या दिवशी चाळीसेक झाली, उरलेली पुढच्या दिवसांत, दुकान चालवता चालवता. धाकटा रजा काढून बसला. सातव्या रांगेशी आले, तेव्हा भावजयेने खणाचा क्रमांक टाकला आणि आवाज म्हणाला, "कोटाचं, चार भोकं, गोल कड. गडद निळं. दोऱ्याला मागून दोन गाठी."

"हे मी नव्हतं सांगितलं," ताई म्हणाली.

"नाही," भावजय म्हणाली. "हे मला हाताला लागलं."

ताईने दोरा मागून घेतला आणि त्या दोन गाठी स्वतः मारल्या. शिंपीणबाईंना आठ काळी बटणं भावजयेबरोबर घरपोच गेली. फोटोवाल्याला तिने एवढंच सांगितलं, की मालक कोण ते पक्कं झालंय, आणि उधारी बंद आहे.

चारशे बारांपैकी चारशे नऊ बटणं आपापल्या खणांवर परत बांधली गेली. उरलेली तीन कधीच संपलेल्या मालाची असावीत, ती कुठल्याच वर्णनाशी जुळेनात. ताईने ती बशीत ठेवून दिली.

वेबसाइट सुरू करायच्या संध्याकाळी ताई म्हणाली, "तो दुसरा दाखव मला. हौस म्हणून ठेवलेलं ते पान." भावजयेने नको नको म्हणत ते उघडलं. करड्यावर करडी अक्षरं, संथपणे फिरून पाठ दाखवणारं एक बटण. ताई बराच वेळ पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहत राहिली. "सुंदर आहे," ती म्हणाली. "फारच सुंदर आहे गं." आणि तिने भावजयेचा हात हातात घेतला, तो तिने नंतरही सोडला नाही.

मग तिसरा उघडला. धाकट्याने अक्षरं एकेक पायरी लहान करत नेली आणि ताई वाचत गेली, ती अडखळेपर्यंत. त्याआधीच्या पायरीवर तो परत आला, तोच आकार पक्का केला आणि पडद्याला फूटपट्टी लावली. अक्षराची उंची अकरा मिलिमीटर होती. पडदा तिच्या डोळ्यांपासून पंचेचाळीस सेंटिमीटरवर होता.